विद्यार्थी मंडळाला माजी विद्यार्थ्यांचा मशवरा: सल्लागार मंडळ कसे उभारावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या बिरवाडीत चार-पाच दिवस फोन थांबत नाहीत. "सर, अकरावीला महाडला टाकू की पनवेलला?" "सर, लोणेऱ्याला डिप्लोमाला नंबर लागेल का?" "सर, उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा चालतो का?" दरवर्षी प्रश्न तेच आणि बहुतेकांची उत्तरंही तीच. गंमत अशी की ही उत्तरं गेल्या वर्षी ज्या मुलांनी धडपडून शोधलेली असतात, ती मुलं तोवर मुंबईला, पुण्याला किंवा आखातात गेलेली असतात. त्यांच्याबरोबर माहितीही जाते. पुढची बॅच पुन्हा शून्यापासून सुरुवात करते.

यावर उपाय म्हणून आपल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आणि कॉलेजांत विद्यार्थी मंडळं निघतात. जुन्या पुस्तकांची देवाणघेवाण, अभ्यासिका, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणं, नवीन मुलांना कॉलेज दाखवणं, अशी चांगली कामं ती करतात. पण यातली बरीच मंडळं दोन-तीन वर्षांत बंद पडतात. ती का पडतात आणि माजी विद्यार्थ्यांचं सल्लागार मंडळ त्यांना कसं टिकवू शकतं, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत. आधी आमच्या दोन चुका सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकलो आहोत.

दोन चुका

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या मुलांनी असंच एक मंडळ काढलं. एक लोखंडी कपाट, दीडेकशे पुस्तकं, एक रजिस्टर आणि हौस, एवढंच भांडवल. तीन वर्षं काम छान चाललं. मग सेक्रेटरी नोकरीसाठी आखातात गेला आणि खजिनदार मुलगी लग्न होऊन चिपळूणला गेली. कपाटाची चावी कुणाकडे आहे, हे दोन महिने कुणालाच ठाऊक नव्हतं. चावी सापडली तोवर पावसाळा उलटून गेला होता आणि कोकणातला पावसाळा पुस्तकांचं काय करतो हे सांगायला नको. रजिस्टर तर मिळालंच नाही. त्याच वर्षी एका हुशार मुलीची शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत चुकली. आदल्या वर्षापर्यंत मंडळातली पोरं घरोघरी जाऊन मुदत सांगत असत. त्या वर्षी सांगायला कुणी नव्हतं. घरच्यांनी पहिलं सत्र कसंबसं काढलं, पुढं तिचं कॉलेज सुटलं. आम्ही शिक्षक आहोत, त्याच रस्त्यानं रोज जातो. मंडळ बंद पडलंय हे आम्हालाही दिसत होतं, पण आम्हीही विचारलं नाही. ही आमची पहिली चूक.

दुसरी चूक उलट्या बाजूची. हळहळ वाटून गावातल्या जाणत्या मंडळींनी ठरवलं की आता आपणच लक्ष घालायचं. बैठक बोलावली. अध्यक्ष मोठे, उपाध्यक्ष मोठे, खजिनदारही मोठे. पोरांना सतरंज्या उचलायला आणि चहा द्यायला ठेवलं. अभ्यासिकेच्या वेळा मोठ्यांनी ठरवल्या, त्याही ज्या वेळी कॉलेजची एसटी परत यायची असते नेमक्या त्याच. एका मुलानं हात वर करून तसं सांगितलं, तर उत्तर मिळालं, "तू बस रे, तुला काय कळतंय." तो बसला. पुढच्या बैठकीला तो आला नाही, आणि त्याच्यानंतर बाकीचेही एकेक करून यायचे थांबले. सहा महिन्यांत मंडळाचा बोर्ड तेवढा उरला.

पहिल्या वेळी मोठी माणसं अजिबात नव्हती म्हणून मंडळ गेलं. दुसऱ्या वेळी ती फार झाली म्हणून गेलं. सल्लागार मंडळ या दोन्हींच्या मधल्या जागेसाठी असतं.

अडचण मुळात कुठे आहे?

जमात, मस्जिद कमिटी, पतपेढी या संस्थांत माणसं वीस-वीस वर्षं असतात. विद्यार्थी मंडळात कुणीच टिकत नाही, आणि टिकूही नये. पदवीचा अभ्यास तीन-चार वर्षांचा. पहिल्या वर्षी मुलगा बुजलेला असतो, दुसऱ्या वर्षी काम शिकतो, तिसऱ्या वर्षी चालवतो आणि निघून जातो. म्हणजे दर तीन वर्षांनी संस्था पूर्णपणे नव्या हातांत जाते. हिशेब कसा ठेवायचा, तहसीलदार कार्यालयात कुठल्या खिडकीवर जायचं, गेल्या वर्षी देणगी कुणी दिली, कुठल्या गोष्टीवरून वाद झाला, ही सगळी आठवण दर वेळी पुसली जाते.

ही आठवण सांभाळणं हे सल्लागार मंडळाचं पहिलं काम. मंडळ चालवायचं विद्यार्थ्यांनी. माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या पाठीशी राहायचं, विचारलं तर सांगायचं, आणि धोका दिसला तर न विचारताही सांगायचं.

इतरांनी काय केलं

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटना असतात. त्यांना 'फ्रॅटर्निटी' म्हणतात, लॅटिनमधल्या भाऊ या अर्थाच्या शब्दावरून. १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेली 'फाय बीटा कप्पा' ही त्यातली सर्वात जुनी समजली जाते. एकेका संघटनेच्या शाखा वेगवेगळ्या कॉलेजांत असतात. शाखा विद्यार्थी चालवतात. अनेक शाखांना माजी सदस्यांचं सल्लागार मंडळ जोडलेलं असतं, आणि त्यात एक जण हिशेबावर, एक अभ्यासावर, एक नवीन सदस्यांच्या भरतीवर नजर ठेवतो. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' ही संघटना काढली. गोऱ्यांच्या कॉलेजात एकटं पडलेल्या मुलांना आधार हवा होता, त्यातून ती निघाली. पदवी मिळाली म्हणून त्यांचं सदस्यत्व संपत नाही. माजी सदस्यांच्याही स्वतंत्र शाखा आहेत. मार्टिन ल्यूथर किंग हे याच संघटनेचे सदस्य होते.

या पद्धतीची काळी बाजूही लक्षात ठेवायला हवी. नव्या सदस्यांना 'पारखून' घेण्याच्या नावाखाली तिथे छळ होतो. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत अशाच प्रकारात एका विद्यार्थ्याचा जीव गेला. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्यानं कडक कायदा केला. आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे. तरुणांच्या कुठल्याही बंद गटावर बाहेरची समजूतदार नजर असावी लागते, हे तिथल्याही अनुभवानं शिकवलं आणि इथल्याही.

आपल्या देशात अलिगढचं उदाहरण आहे. सर सय्यद अहमद खान यांच्या कॉलेजात १८९० मध्ये साहेबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकारानं 'अंजुमन-उल-फर्ज' ही संस्था निघाली. फर्ज म्हणजे कर्तव्य. या संस्थेची मुलं सुट्टीत गावोगावी फिरून गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वर्गणी गोळा करत. कॉलेजातून बाहेर पडलेल्यांची 'ओल्ड बॉईज असोसिएशन' पुढे वेगळी उभी राहिली. हेच आफताब अहमद खान १९२४ मध्ये अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विद्यार्थीदशेत लागलेली जबाबदारीची सवय माणसाला कुठवर नेते, ते यातून दिसतं.

महाराष्ट्रात कोल्हापूर पाहा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. त्यानंतर वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं निघत गेली. १९०६ मध्ये महाराजांच्याच पुढाकारानं मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. दसरा चौकातलं हे बोर्डिंग आजही कोल्हापूरच्या मुस्लिम समाजाचं एक केंद्र आहे. मदत राजाची होती, पण कारभार त्या त्या समाजानं शिकावा ही दृष्टी होती, आणि म्हणून राजा गेल्यावरही संस्था राहिल्या.

आणि आपलं महाड. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दुसरी परिषद भरायची होती, तर मंडपाला जागा द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. परिषद कुणाची, ठराव काय, बोलणार कोण, हे ज्यांची परिषद होती त्यांनीच ठरवलं. वर्गात हा प्रसंग सांगताना आम्ही मुलांना विचारतो, "जागा दिली म्हणून फत्तेखान अध्यक्ष झाले का?" मुलं हसतात. पण मोठ्यांच्या बैठकीत हाच प्रश्न विचारला तर शांतता पसरते. सल्लागार मंडळात बसणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग लक्षात ठेवावा.

सुरुवात कशी करावी?

पहिलं पाऊल विद्यार्थ्यांनी टाकावं. मोठ्यांनी "आम्ही तुमचे सल्लागार" म्हणून येऊ नये. विद्यार्थी मंडळानं आपल्या सभेत ठराव करावा की आम्हाला सल्लागार मंडळ हवं आहे, इतक्या जणांचं, इतक्या मुदतीसाठी. ठराव साध्या वहीत लिहिला आणि हजर असलेल्यांनी सह्या केल्या तरी चालतो. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे पाहुण्यासारखं जायचं, हे त्यामुळे पहिल्या दिवसापासून मोठ्यांच्याही लक्षात राहतं.

दुसरं पाऊल यादीचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या सगळ्यांची यादी करा. नाव, काय शिकले, आता कुठे आहेत, काय काम करतात, फोन नंबर. यात 'मोठी' माणसंच शोधू नका. एमआयडीसीत लॅबमध्ये काम करणारा केमिस्ट, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, पोलादपूरला मेडिकल चालवणारा फार्मासिस्ट, बँकेतली कॅशियर, ही माणसं मुलांना रोजच्या कामात जास्त उपयोगी पडतात. फोन नंबर अर्थातच विचारूनच लिहायचे आणि यादी व्हॉट्सअॅपवर फिरवायची नाही.

किती जण, कोण कोण?

आमचा अनुभव सांगतो की सात जण पुरे. पाचापेक्षा कमी असले तर दोघे आले नाहीत की बैठक होत नाही. अकरा झाले की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी बघेल. सातांत पुढची माणसं असावीत:

- हिशेब समजणारा एक जण. कॉमर्स झालेला, बँकेत किंवा टॅक्सच्या कामात असलेला.
- प्रवेश, वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या यांची माहिती असलेला एक जण. शक्यतो शिक्षक.
- नोकरी-धंद्याची माहिती देऊ शकणारा एक जण. कारखान्यातला किंवा स्वतःचा व्यवसाय असलेला.
- अगदी अलीकडे, म्हणजे गेल्या तीन-चार वर्षांत बाहेर पडलेला एक जण. मुलांची भाषा त्यालाच कळते.
- गावातच राहणारा आणि वेळ देऊ शकणारा एक जण. बाकी सगळे मुंबईला असले तर कपाट उघडणार कोण?
- उरलेले दोघे गरजेप्रमाणे. एक जण गावाबाहेर किंवा परदेशात असायला हरकत नाही, फोनवरून बैठक होते.

या सातांत निदान तीन स्त्रिया असाव्यात, असा आमचा आग्रह आहे. आज आपल्या मुली मुलांपेक्षा जास्त नेटानं शिकत आहेत. पण हॉस्टेलला पाठवायचं का, एसटीनं रोज ये-जा झेपेल का, लग्नाची बोलणी सुरू असताना परीक्षा देऊ का, हे प्रश्न मुलगी सात पुरुषांसमोर मांडत नाही. शिकून नोकरी करणारी एखादी आपा समोर असेल तर ती बोलते, आणि तिची अम्मीही त्या आपांशी मोकळेपणी बोलते. बैठकीची जागा आणि वेळही त्या हिशेबानं ठरवावी. रात्री नऊची बैठक म्हणजे मुलींना दार बंद.

कुठल्याही राजकीय पक्षाचा पदाधिकारी किंवा निवडणुकीला उभा राहणारा माणूस सल्लागार मंडळात नसावा. तो वाईट असतो असं नाही. पण दुसऱ्या बाजूच्या घरातली मुलं मग मंडळात यायची थांबतात.

मुदत ठरवाच

मुदत दोन वर्षांची असावी आणि लागोपाठ दोनदाच मिळावी. पहिल्या वेळी चिठ्ठ्या टाकून तिघांची मुदत एक वर्षाची करावी, म्हणजे सगळे एकदम बदलत नाहीत आणि जुन्या-नव्यांचा सांधा राहतो. आपल्याकडे पदावरून उतरवणं म्हणजे अपमान समजतात. मुदत आधीच कागदावर असली की कुणाला उतरवावं लागत नाही, तारीख आली की तो माणूस आपोआप मोकळा होतो.

अधिकार किती?

इथेच गाडी अडते, म्हणून हे लिहूनच ठेवावं. आम्ही जो कागद वापरतो त्याचा आशय असा:

१) मंडळाचे पदाधिकारी विद्यार्थीच असतील. सल्लागाराला मत नाही, पदही नाही.

२) सल्लागारांनी महत्त्वाचा सल्ला लेखी द्यावा. विद्यार्थ्यांनी पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. सल्ला मानला तर तसं, नाही मानला तर का, ते दोन ओळींत.

३) तीनच बाबतींत सल्लागार काम थांबवू शकतील: पैशाचा गैरव्यवहार, कुणाच्या जिवाला किंवा अब्रूला धोका, आणि कायद्याचा भंग. तेही सातांपैकी पाच जणांचं एकमत असेल तर.

४) सल्लागार मंडळाचे पैसे स्वतःकडे ठेवणार नाहीत.

५) देणगी दिली म्हणून सल्लागारपद मिळणार नाही, आणि सल्लागार आहे म्हणून देणगी मागितली जाणार नाही.

यातलं दुसरं कलम आम्हाला सर्वात उपयोगी पडलं. गेल्या खेपेस विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनावर बराच खर्च करायचं ठरवलं. सल्लागारांनी लिहून दिलं की निम्म्यात करा, उरलेल्यातून अकरावी सायन्सची पुस्तकं घ्या. मुलांनी उत्तर लिहिलं की संमेलनाला बाहेरगावचे माजी विद्यार्थी येतात आणि तिथेच पुस्तकांसाठी मदत मिळते, म्हणून खर्च कमी करणार नाही. सल्लागार नाराज झाले, पण गप्प बसले. संमेलनात खरोखर पुस्तकं जमली, पण जेवणाचा हिशेब चुकला आणि खिशाला खार लागला. दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या आहेत. पुढच्या बॅचनं त्या वाचल्या आणि जेवण साधं ठेवलं. मुलांना चुकू दिलं नसतं तर ही समज आली नसती. पण चूक वहीत नसती तर पुढच्यांनी तीच पुन्हा केली असती.

मशवरा हा शब्द आपल्या घराघरांत आहे. कुरआनमधल्या ४२ व्या सूरहचं नावच 'अश-शूरा' आहे. ज्याला विचारलं जातं त्यानं प्रामाणिकपणे सांगावं, आणि ज्याचं काम आहे त्यानं ऐकून घेऊन निर्णयाची जबाबदारी उचलावी, एवढं साधं ते आहे. "मी सांगितलं आणि यांनी ऐकलं नाही" म्हणून रुसून बसणारा माणूस सल्लागार होऊ शकत नाही.

पैशाचं काम स्वच्छ ठेवा

मंडळं दोन कारणांनी फुटतात, मान आणि पैसा. मानाचं वर झालं. पैशाबाबत पुढच्या गोष्टी कटाक्षानं पाळा.

वर्गणी कुणाच्या खासगी मोबाईलच्या क्यूआर कोडवर घेऊ नका, मग तो माणूस कितीही भरवशाचा असो. उद्या त्याच्यावर बोट आलं तर त्याचंच नुकसान. मंडळाच्या नावानं खातं उघडायला बँक ठराव, पॅन आणि ओळखपत्रं मागते. खात्यावर दोन सह्या लागतील अशी व्यवस्था करा, आणि दोन्ही सह्या विद्यार्थी पदाधिकाऱ्यांच्या असू द्या. हिशेब समजणाऱ्या सल्लागारानं दर तीन महिन्यांनी वही तपासून तारीख घालून सही करावी. देणगी दहा रुपयांची असली तरी पावती द्या.

जकातीची रक्कम सर्वसाधारण निधीत मिसळू नका. तिची वही वेगळी ठेवा आणि ती कुणाला, कशी द्यायची हे आपल्या आलिमांना विचारूनच ठरवा. मदत घेणाऱ्या मुलाचं नाव सभेत वाचायचं नाही, फोटो काढायचा नाही. पोरगं शिकतंय, त्याची मान खाली जाता कामा नये.

नोंदणी हवी का?

सल्लागार मंडळाला स्वतंत्र नोंदणीची गरज नाही. ते मंडळाचाच एक भाग असतं. पण विद्यार्थी मंडळाचं किंवा माजी विद्यार्थी संघाचं काम वाढलं, देणग्या मोठ्या येऊ लागल्या, तर नोंदणी करावी. संस्था नोंदणी कायदा १८६० चा आहे आणि त्याखाली निदान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खालीही नोंदवली जाते. काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून होतं. नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हा बदल अर्ज आपल्याकडे अनेक संस्था विसरतात आणि मग वर्षानुवर्षं कागदावर मयत माणसं विश्वस्त राहतात. विद्यार्थ्यांची संस्था असेल तर पदाधिकारी वारंवार बदलणारच, म्हणून एका सल्लागारानं ही तारीख डोक्यात ठेवावी.

मंडळ कॉलेजच्या आत असेल तर प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या. कॉलेजांनाही माजी विद्यार्थी हवे असतात, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्या चार स्थानिक सदस्यांत निदान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. 'नॅक'च्या मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात. म्हणजे चांगलं काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी कॉलेजचं दार उघडं असतं. आपणच ते ठोठावत नाही.

वर्षातून चार बैठका

चारच बैठका करा, पण त्या नक्की करा.

जूनमध्ये निकालानंतरची पहिली. प्रवेश कुठे, कागदपत्रं कोणती, कुणाला मार्गदर्शन हवं, याची वाटणी. ऑक्टोबरच्या आसपास दुसरी. महाडीबीटीवरचे अर्ज कुणाचे भरले, कुणाचे अडले, आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे का, हे एकेक नाव घेऊन तपासणं. जानेवारीत तिसरी, परीक्षेच्या तयारीची आणि अभ्यासिकेच्या वेळांची. एप्रिलमध्ये चौथी, सर्वात महत्त्वाची, कारभार सोपवण्याची. त्या दिवशी जुन्या पदाधिकाऱ्यांनी नव्यांच्या हातात वही, पावतीपुस्तक, किल्ल्या, पासवर्ड आणि 'आम्ही काय चुकलो' असं एक पान द्यायचं. सल्लागारांनी साक्षीदार म्हणून सही करायची. आमच्या कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत आणि दुसरी गावातल्या सल्लागाराकडे असते.

ईदला मुंबईकर आणि आखातातली मंडळी गावी येतात. तेव्हा औपचारिक बैठक ठेवू नका. शीरखुर्मा खाता खाता मुलांची आणि त्यांची गाठ घालून द्या. कितीतरी कामं तिथेच होतात.

यानं खरंच फरक पडतो का?

२२ जुलै २०२१ चा दिवस महाड-पोलादपूरमध्ये कुणी विसरणार नाही. महाड शहर पाण्याखाली गेलं, तळीये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल काढताना मुलांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले लगद्यासारखे हाती येत होते. प्रवेशाचे दिवस तोंडावर होते. आमच्या विद्यार्थ्यांनी ज्यांची कागदपत्रं गेली त्यांची यादी केली. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून मिळते आणि आपलं मंडळ वाशीला आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. नवी मुंबईत राहणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीला ते माहीत होतं. तिनं अर्ज कसा करायचा, शाळेकडून काय लिहून घ्यायचं, हे फोनवर सांगितलं. पोरांनी शाळांमध्ये जाऊन सह्या आणल्या. तिचा फोन नंबर मंडळाच्या यादीत होता, म्हणून पहिल्याच दिवशी तिला फोन गेला.

ज्या मुलीचं कॉलेज सुटलं म्हणून वर सांगितलं, तिनं पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी केली. सल्लागार मंडळ नेमायचं ठरलं तेव्हा विद्यार्थ्यांनी तिचं नाव सुचवलं. आम्ही थोडे संकोचलो, तिला काय वाटेल म्हणून. ती आली. आता ऑक्टोबरच्या बैठकीत शिष्यवृत्तीच्या यादीतलं एकेक नाव तीच वाचते, आणि ज्याचा अर्ज राहिला असेल त्याच्या घरी त्याच संध्याकाळी कोण जाणार, हे ठरल्याशिवाय बैठक उठू देत नाही.

आपल्या गावात विद्यार्थी मंडळ असेल तर या रविवारी मुलांना एवढंच सांगा: एक वही घ्या आणि गेल्या दहा वर्षांत शिकून बाहेर पडलेल्यांची नावं लिहायला बसा. मंडळ नसेल, तर आधी ते काढायला त्यांना एक खोली द्या. खोलीची चावी मात्र त्यांच्याकडे राहू द्या, आणि दुसरी एक करून ठेवा.